पाटीवरचा शंभर येतो कुठून?

नांदेडहून लातूरकडे निघालेला रस्ता विष्णुपुरीत आला, की थोड्याच अंतरात किती तऱ्हेची माणसं त्याच्यावर उतरतात! शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात पेशंट ठेवून डबा आणायला निघालेले नातेवाईक, श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेतली पोरं, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या बससाठी थांबलेल्या मुली, काळेश्वराच्या दर्शनाला वळणारी कुटुंबं. आणि या सगळ्यांमधून लोहा, अहमदपूर, चाकूरकडे धावणाऱ्या गाड्या. या गाड्यांनी किती वेगानं जावं हे कोण ठरवतं, कशाच्या आधारावर ठरवतं आणि ते बरोबर असतं का, या प्रश्नानं मला कॉलेजच्या दिवसांपासून धरून ठेवलं आहे.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मधलं कलम ११२ कमाल वेग ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला देतं. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेनं त्याचा तक्ता केला. चालक सोडून आठपर्यंत आसनं असलेल्या मोटारीला प्रवेशनियंत्रित द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १००, शहराच्या हद्दीत आणि इतर रस्त्यांवर ७०. बसला याच क्रमानं १००, ९०, ६०, ६०. मालवाहू गाडीला आणि मोटारसायकलला चौपदरीवर ८०, तीनचाकीला ५०. याच कलमात पुढं असंही आहे, की सार्वजनिक सुरक्षितता, रस्त्याचं किंवा पुलाचं स्वरूप पाहून राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेली यंत्रणा ही मर्यादा खाली आणू शकते. त्यासाठी अधिसूचना काढायची आणि जागेवर पाटी लावायची. हे पोटकलम वाचकांनी ध्यानात ठेवावं, शेवटी ते कामाला येणार आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडमध्ये १८६५ च्या कायद्यानं रस्त्यावरच्या वाफेच्या गाड्यांना गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात दोन मैल एवढीच मुभा दिली. १९०३ मध्ये मोटारींची मर्यादा वीस मैल झाली, १९३० मध्ये मोटारींवरची मर्यादा उठली आणि १९३५ मध्ये वस्तीपुरती तीस मैलांची परत आली. अमेरिकेनं १९७४ मध्ये देशभर ५५ मैलांची मर्यादा लावली, ती अपघातांपेक्षा तेलटंचाईमुळं. जर्मनीच्या ऑटोबानवर बऱ्याच भागात आजही सक्ती नाही, १३० ची शिफारस आहे. म्हणजे हा आकडा कुठंही निव्वळ विज्ञानातून आलेला नाही. त्यात राजकारण आहे, भीती आहे, पेट्रोलचा भावही आहे.

रस्ता बांधणाऱ्यांकडे मात्र एक वेगळा आकडा असतो: संकल्पित वेग, म्हणजे डिझाइन स्पीड. भारतीय रोड काँग्रेसच्या मानकांत सपाट मुलखातल्या राष्ट्रीय महामार्गासाठी तो १००, चढउताराच्या मुलखात ८०, डोंगरात ५०. रस्त्याची सगळी भूमिती यावरून ठरते. शंभरनं जाणाऱ्या गाडीला वळणाची त्रिज्या निदान ३६० मीटर हवी, ऐंशीनं जाणारीला २३० पुरते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे थांबण्याचं अंतर. ड्रायव्हरला अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. शंभरच्या वेगात तेवढ्यात गाडी ७० मीटर पुढं गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ११० मीटर जाते. एकूण १८०. ऐंशीला हेच अंतर १२०, पन्नासला ६०, तीसला फक्त ३० मीटर. वेग तीसवरून शंभर होतो तेव्हा तो सव्वातीन पट होतो, थांबण्याचं अंतर सहापट. हा तक्ता मी दहावीच्या पोरांनाही दाखवतो, कारण त्याच्यासाठी लागणारं गणित त्यांना येतं.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. रस्त्यावर गाड्या खरोखर किती वेगानं जातात, हे मोजायचं कसं? वाहतूक अभियांत्रिकीच्या पुस्तकात मला एनोस्कोप नावाचं यंत्र भेटलं. यंत्र कसलं, काटकोनात वाकलेली एक खोकी, दोन्ही टोकं उघडी आणि कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांत बसवलेला आरसा. रस्त्याच्या कडेला ती एका ठिकाणी मांडायची आणि ठरावीक अंतरावर आपण स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं. गाडी आपल्यासमोरून गेली की घड्याळ सुरू. ती खोकीसमोरून गेली की आरशात दिसते, घड्याळ बंद. वीज नाही, बॅटरी नाही. प्लायवूड आणि न्हाव्याकडच्या जुन्या आरशाचा तुकडा घेऊन मी तो घरी बनवला, आणि पन्नास मीटरच्या दोन खुणांमध्ये पुढून जाणारं जग मोजायला लागलो. पन्नास मीटर सव्वादोन सेकंदांत पार झाले तर गाडी ऐंशीच्या वेगात आहे, १.८ सेकंदांत झाले तर शंभरच्या. पण बटण दाबायला पाव सेकंद उशीर झाला, तर शंभरची गाडी कागदावर अठ्ठ्याऐंशीची होते. म्हणून वेगवान रस्त्यावर अंतर वाढवावं लागतं आणि एकाच गाडीवर विसंबायचं नसतं. कायदाही हेच म्हणतो: कलम १८३ प्रमाणं एका साक्षीदाराच्या नुसत्या नजरेच्या अंदाजावर अतिवेगाची शिक्षा देता येत नाही, तो अंदाज यंत्रावर आधारलेला लागतो. महामार्ग पोलिसांच्या हातातली स्पीडगन इथूनच आली. मोजमापाशिवाय आरोप करायचा नाही, ही या कायद्यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी जागा.

अशा शे-दोनशे गाड्यांचे वेग मिळाले की ते चढत्या क्रमानं लावायचे. शंभरातली पंच्याऐंशीवी गाडी ज्या वेगाच्या आत आहे, तो पंच्याऐंशी शतमकाचा वेग. जगभरातल्या अभियंत्यांनी अनेक दशकं याच वेगाच्या आसपास मर्यादा ठेवली. आपल्या पाठ्यपुस्तकांतही सुरक्षित वेगाची वरची हद्द म्हणून हाच वेग शिकवतात, आणि संकल्पनेसाठी अठ्ठ्याण्णव शतमकाचा. त्यामागचा विचार मोठा लोकशाहीवादी आहे. बहुतेक माणसं शहाणी असतात, मरायची हौस कुणाला नसते, रस्ता बघून ती आपोआप योग्य वेग धरतात. तेव्हा त्यांनी दिलेला कौल मानावा आणि वरच्या पंधरा जणांना आवरावं. १९६४ मध्ये अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी दाखवलं, की इतरांच्या सरासरी वेगापासून फार दूर असलेल्या गाड्या, जास्त वेगाच्या तशाच फार हळू चालणाऱ्याही, अपघातात अधिक सापडतात. पुढं त्या निष्कर्षावर वाद झाले, पण वेगातला फरक घातक असतो हे सूत्र टिकलं. लोह्याच्या स्टँडवर एका जुन्या एसटी ड्रायव्हरनं मला हेच त्याच्या भाषेत सांगितलं: गाडी पाटी बघून कुणी चालवत नाही, समोरचा रस्ता बघून चालवतो.

हे सूत्र माझं फार लाडकं होतं, अजूनही आहे. पण मराठवाड्याच्या रस्त्यावर ते दोन ठिकाणी तोकडं पडतं.

एक म्हणजे इथं रस्त्यावर एक जमात नसते. मोटार, ट्रक, काळीपिवळी, दुचाकीवर तिघं, आणि हंगामात उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. यांचे वेग एकत्र करून काढलेला पंच्याऐंशी शतमक कुणाचाच नसतो. म्हणून वाहनाच्या प्रकाराप्रमाणं वेगळी मर्यादा देणारा आपला तक्ता मला पटतो, आणि त्यावर टीका करणाऱ्यांशी मी भांडतो. २०१५ च्या नियमानं बहुतेक व्यावसायिक गाड्यांना ऐंशीचा वेगनियंत्रक आला, १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारी ऐंशीच्या वर टुंगटुंग वाजू लागल्या, हेही योग्यच झालं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. हा कौल फक्त ड्रायव्हरांचा असतो. दवाखान्यासमोर रस्ता ओलांडणारी म्हातारी त्या शंभरात मोजलेलीच नसते. सुरक्षित वेग कोणता, हे गाडीत बसलेल्याला एक वाटतं आणि गाडीसमोरच्याला दुसरं. मतदान मात्र एकाच बाजूचं होतं.

स्वीडननं ऑक्टोबर १९९७ मध्ये 'व्हिजन झीरो' स्वीकारलं तेव्हा प्रश्नच उलटा केला: माणसाचं शरीर किती वेगाचा आघात सोसू शकतं? त्या विचारातून निघालेले आकडे पाठ करण्यासारखे आहेत. जिथं पायी माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथं ३०. जिथं आडव्या रस्त्यावरून येणारी गाडी बगलेत धडकू शकते तिथं ५०. जिथं समोरासमोर टक्कर होऊ शकते तिथं ७०. यांतलं काहीच शक्य नसेल तिथं शंभर किंवा अधिक. वेगाची सरासरी एक टक्क्यानं वाढली, तर प्राणघातक अपघातांचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि केंद्राच्या अहवालानुसार त्यांतले ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदले गेले.

या कसोटीवर समृद्धी महामार्ग बघायला मी मुद्दाम जालन्याहून चढलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता सपाटीवर १५० च्या संकल्पित वेगाचा आहे आणि मोटारीला मर्यादा १२०. ती १२० मला खटकली नाही. कारण रुंद काँक्रीटपेक्षाही मोठं काम तिथल्या कुंपणानं केलंय. दुचाकी नाही, तीनचाकी नाही, आडवा रस्ता नाही, समोरून येणारं कुणी नाही. वेग वाढवण्याचा परवाना गाडीच्या इंजिनातून मिळत नाही, रस्त्यावर कोण नाही यावरून मिळतो.

आता हाच नियम नांदेड-लातूर रस्त्याला लावून बघा. लोहा ते अहमदपूर हा भाग अलीकडे चौपदरी झाला. बालाघाटाच्या माळावर दुभाजक आहे, पल्ला लांबवर दिसतो. दिवसा तिथं शंभर मला रास्त वाटतो. पण रात्री? डिपरचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटर पोचतो. त्यात थांबायचं असेल तर वेग पन्नासच्या आसपास हवा. पुढं मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली वीस-पंचवीसनं चालली असेल तर शंभरच्या मोटारीला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. गंमत म्हणजे संकल्पना करणाऱ्यांना रात्रीचं भान असतं. रस्ता खाली उतरून परत वर चढतो, तिथल्या खोलगट भागाची लांबी हेडलाइटचा झोत कुठवर पडतो हे धरूनच काढतात. पण २०१८ च्या तक्त्यात दिवस आणि रात्र असा फरकच नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यात रात्रीची वेगळी मर्यादा २०११ पर्यंत होती. आपल्याला निदान गळीत हंगामापुरती, कारखान्यांच्या टापूत, ती आणता येईल. सोयाबीन वाळायला अर्धी बाजू अडवतात त्या दिवसांतही.

तर, या मर्यादा शहाण्या आहेत का? माझं उत्तर असं, की तक्ता शहाणा आहे, पण तो कमाल सांगतो. जागेसाठी योग्य वेग कोणता हे सांगत नाही, आणि आपण तोच जसाच्या तसा जागेवर आणून रोवतो. माळावर शंभर हवा, दवाखान्याच्या आणि कॉलेजच्या दारात तीस किंवा फार तर चाळीस. आणि ते नुसत्या पाटीनं होणार नाही. रुंद, सरळ रस्ता ड्रायव्हरला ऐंशी सुचवत असेल तर चाळीसची पाटी रंगाचं काम ठरते. तिथं मार्गिका अरुंद करायला हवी, दिवे हवेत, ओलांडायला मध्ये थांबण्याची जागा हवी, आणि गतिरोधक करायचाच तर मानकाप्रमाणं ३.७ मीटर रुंद, दहा सेंटिमीटर उंच, आधी सूचना दिलेला. कमी वेगाची पाटी लावली की पुढं ती संपल्याची पाटीही हवी, नाहीतर माणसं पहिलीवरही विश्वास ठेवत नाहीत.

आणि हे मागायला तज्ज्ञ असायची गरज नाही. पन्नास मीटरची दोरी, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि आठवडी बाजाराचा दिवस सोडून दुसरा एखादा साधा दिवस. गाड्यांचे प्रकार वेगळे लिहा, ओलांडणारी माणसंही मोजा, आणि रात्रीची वेगळी नोंद करा. तो कागद ग्रामसभेत ठेवा, तिथून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या विभागाकडे द्या. सोबत कलम ११२ मधलं ते पोटकलम जोडा. मर्यादा खाली आणण्याचा अधिकार कायद्यानं दिलेलाच आहे; त्याला हवं असलेलं कारण गावाला स्वतः मोजून देता येतं.