फुलं हवीत तर गवत कापावंच लागतं! ब्रिटनच्या शहरांत परतलाय लांब दांड्याचा विळा

गोव्यातून ब्रिटनमधल्या स्विंडन शहरात जाऊन स्थायिक झालेली कुटुंबे बरीच आहेत. मे-जून महिन्यात तिकडून व्हिडिओ कॉल आला आणि मागे बागेत गुडघाभर गवत दिसले, तर 'हे कापत का नाहीत?' असा प्रश्न इकडच्या आई-वडिलांना पडणे साहजिक आहे.

उत्तर सोपे आहे. ते गवत फुलांसाठी मुद्दाम वाढू दिलेले असते. पण गोष्ट इथे संपत नाही. उन्हाळा सरता सरता तेच गवत कापून, गोळा करून बाहेर न्यावे लागते. ते केले नाही तर काही वर्षांत फुले जातात आणि नुसते गवत उरते. या कामासाठी तिथल्या शहरांतले स्वयंसेवक आता एक जुने अवजार चालवायला शिकत आहेत. ते म्हणजे लांब दांड्याचा विळा, इंग्रजीत साइद.

कुरणे गेली कुठे?

पूर्वी ब्रिटनमध्ये गुरांच्या हिवाळी वैरणीसाठी गवताची राने राखली जात. त्यात डेझी, क्लोव्हर, नॅपवीड अशी कितीतरी रानफुले फुलायची. पुढे शेतात रासायनिक खते आली आणि कुरणे नांगरली गेली. १९३० च्या दशकानंतरच्या पन्नासएक वर्षांत इंग्लंड आणि वेल्समधली अशी सुमारे ९७ टक्के कुरणे संपली. मधमाश्या आणि फुलपाखरांचे खाद्यही त्यांच्याबरोबर गेले.

म्हणून आता शहरातल्या बागा, दफनभूमी आणि रस्त्याकडेच्या पट्ट्यांवर छोटी कुरणे तयार केली जातात. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने तर १७७२ पासून राखलेल्या हिरवळीचा मोठा भाग रानफुलांना दिला. २०२१ मध्ये तिथले गवत कापायला चक्क घोडे जुंपले होते.

जमिनीचा जमाखर्च

कापायचे कशाला, हे कळायला जमिनीचा जमाखर्च मांडावा लागतो. आपल्याकडे खत घातले की पीक जोमात येते. रानफुलांचे गणित उलटे आहे. जमीन जितकी कसदार, तितके दांडगे गवत फोफावते आणि नाजूक रोपांना उजेडच मिळत नाही. कापलेले गवत तिथेच कुजू दिले तर ते खत होऊन जमिनीच्या खात्यात पुन्हा जमा होते. उचलून नेले तर दरवर्षी थोडा कस खर्ची पडतो आणि फुलांना जागा होते.

कापणीची वेळही महत्त्वाची. साधारण जुलैअखेर ते सप्टेंबर, म्हणजे बी पिकल्यावर. कापलेले गवत दोन-चार दिवस जागीच वाळू द्यायचे, म्हणजे बी खाली झडते. मग दाताळ्याने ओढून बाहेर काढायचे.

या कामात एका रोपाची मदत होते. त्याचे नाव यलो रॅटल, म्हणजे पिवळा खुळखुळा. वाळलेल्या बोंडात त्याचे बी खुळखुळते. हे रोप गवताच्या मुळांतून अन्नपाणी शोषते, त्यामुळे गवताचा जोर कमी होतो. आपल्या ज्वारीतला टारफुला याच कुळातला. शेतकऱ्याच्या डोळ्यात खुपणारा स्वभाव तिथे कामाला येतो.

मशीन असताना विळा का?

आपल्याकडेही आता ग्रास कटर सर्रास दिसतो. पण दोरी फिरवणारे मशीन गवताचा चुरा करते आणि तो चुरा गोळा करणे जिकिरीचे. शिवाय आवाज, पेट्रोल आणि गवतात दडलेल्या बेडकांना धोका. विळा गवत बुडाशी कापतो आणि डाव्या बाजूला सरळ ओळ लावतो. ती ओळ उचलणे सोपे. झाडांच्या मधल्या नाहीतर उताराच्या लहान जागेत तो बरा पडतो.

हा आपला विळा नव्हे. आपण उकिडवे बसून, मूठ धरून कापतो. तिथे उभ्याने, दोन मुठी असलेला लांब दांडा धरून कापतात. १८३० मध्ये स्विंडनपासून जवळच, स्ट्राउड भागातल्या एडविन बडिंगने हिरवळ कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी मोठ्या वाड्यांपुढच्या हिरवळीही याच विळ्याने कापत.

शिकायचं ते काय?

नवखा माणूस जोर लावतो, कुऱ्हाडीसारखे घाव घालतो आणि अर्ध्या तासात थकतो. खरे काम कमरेचे असते. पाते जमिनीला टेकलेले ठेवायचे, वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यायचे आणि अंग फिरवत उजवीकडून डावीकडे अर्धगोल काढायचा. प्रत्येक फेऱ्यात पुढचे चार बोटे गवतच घ्यायचे. जास्त घेतले की पाते अडते.

दुसरा धडा धारेचा. कमरेला पाण्याच्या डबीत दगड असतो. दर पाच-दहा मिनिटांनी थांबून धार लावायची. काही तासांच्या कापणीनंतर लहान ऐरणीवर हातोडीने ठोकून पात्याची कड पातळ करायची. आपल्याकडे विळा लोहाराकडून पाजवून आणतात. तिथे हे काम स्वतःच शिकावे लागते. धार गेली की सगळा भार पाठीवर येतो.

कापणी पहाटेची बरी, दवाने ओले गवत चांगले कापते. शहरात आधी चालत जाऊन बाटल्यांच्या काचा, तारा वेचाव्या लागतात. दोघांत चार-पाच मीटर अंतर हवे आणि नेताना पात्यावर झाकण हवेच.

जवळच पाहायला मिळते

स्विंडनच्या उत्तरेला क्रिकलेड गावाजवळ नॉर्थ मेडो नावाचे कुरण आहे. एप्रिलमध्ये तिथे फ्रिटिलरीची जांभळी-पांढरी, चौकटीचौकटीची फुले हजारोंनी येतात. शतकानुशतके तिथला नियम एकच: उन्हाळ्यात गवत कापायचे आणि नंतर गुरे सोडायची. फुले टिकली ती या शिस्तीमुळे.

शहरातल्या कुरणाला गुरे मिळत नाहीत, म्हणून माणसे लागतात. मे महिन्यात फोटो काढायला गर्दी होते. कुरण पुढच्या वर्षी फुलणार की नाही, हे मात्र ऑगस्टमध्ये विळा आणि दाताळे घेऊन किती जण येतात त्यावर ठरते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलांना शनिवार-रविवार मोकळा असेल, तर जवळच्या गटात चौकशी करायला हरकत नाही. विळा चालवायचा नसला तरी गवत ओढायला हात हवेच असतात.