शीरखुर्म्याच्या दुधाला मटणाचा वास का यावा?

रमजान हा पोट रिकामे ठेवण्याचा महिना. पण याच महिन्यात घरातला फ्रिज वर्षातला सर्वांत भरलेला असतो. सहरीसाठी रात्रीचे सालन आणि मळलेली कणीक, इफ्तारसाठी कापलेले कलिंगड, उकडलेले हरभरे, दहीवड्याचे दही, समोशाचा खिमा, शिवाय शेजारून आलेली एखादी वाटी. पहिला आठवडा संपतो न संपतो तोच दार उघडल्यावर दमट, आंबूस, लसूण आणि मांस यांचा एकत्र झालेला वास येऊ लागतो. सरबतात टाकलेल्या बर्फालाही तो लागतो. दिवाळीनंतर किंवा गौरी-गणपतीच्या जेवणावळीनंतर हिंदू घरांतल्या फ्रिजची अवस्था काही वेगळी नसते. म्हणून आजचा विषय फक्त रोजेदारांचा नाही.

तो किरकोळही नाही. वास हा बहुतेक वेळा अन्न वाया चालल्याचा निरोप असतो. कुरआनच्या सूरह अल-आराफमधील ३१ व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा आहे आणि त्याच दमात उधळपट्टीला मनाईही आहे. फ्रिजमध्ये मागे मागे सरकत गेलेला आणि पाचव्या दिवशी कचऱ्यात रिकामा केलेला डबा हा इस्राफच, म्हणजे उधळपट्टीच. दुसरी गोष्ट शेजारधर्माची. कच्चा लसूण किंवा कांदा खाऊन लगेच मशिदीत येऊ नये, त्या वासाने इतरांना त्रास होतो, अशी शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दिल्याचे हदीसमध्ये आहे. लसूण हराम नाही. प्रश्न दुसऱ्याच्या नाकाचा आहे. इफ्तारचे ताट आणि ईदचा शीरखुर्मा ज्या घरांतून शाकाहारी शेजाऱ्यांकडे जातो, त्या घरांनी हा मुद्दा फ्रिजपर्यंत न्यायला हवा.

वास येतो कुठून?

फ्रिज अन्न थंड ठेवतो, जंतू मारत नाही. आतले तापमान ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी असेल तर जंतूंची वाढ मंदावते, थांबत नाही. काही जंतू थंडीतही सावकाश वाढतात आणि अन्नातली प्रथिने व स्निग्धांश यांचे विघटन करतात. त्यातून उडून जाणारी रसायने तयार होतात. तोच आपल्याला येणारा वास. मासळीचा वास अमाइन नावाच्या रसायनांचा, कांदा-लसणाचा गंधकयुक्त रसायनांचा, तर नासलेल्या दुधाचा आम्लांचा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा तीच हवा बहुधा फ्रीझर आणि खालचा कप्पा यांत फिरवत राहतो. त्यामुळे खाली उघडा ठेवलेला खिमा वरच्या बर्फाला आपली ओळख देतो. दूध, लोणी, साय यांतला स्निग्धांश असे वास चटकन धरून ठेवतो. शीरखुर्म्याच्या दुधाला मटणाचा वास येतो तो असा. दूधवाल्याला बोल लावण्यात अर्थ नसतो.

धुवायचे कसे?

आधी प्लग काढा. सगळे सामान बाहेर काढून बर्फ घातलेल्या पातेल्यात किंवा थर्मासच्या पेटीत ठेवा. काचेचे कप्पे बाहेर काढल्यावर थोडा वेळ तसेच राहू द्या. थंड काचेवर एकदम गरम पाणी ओतले तर ती तडकते. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून आतल्या भिंती, कप्पे, भाजीचे खण पुसून घ्या. साबणाचा सुगंध आत राहतो, म्हणून कप्पे साबणाने धुतले तर भरपूर पाण्याने खंगाळा. शेवटी कोरड्या फडक्याने पुसा. ओल राहिली की वास परत येतो.

एवढे करूनही वास जात नसेल तर तीन जागा पाहा. पहिली, दाराचे रबर. त्याच्या घड्यांत दूध, रस, पिठाचे कण साचतात आणि काळी बुरशी धरते. जुना टूथब्रश सोड्याच्या पाण्यात बुडवून तिथे फिरवा. दारात कागद धरून दार लावा; कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे आणि थंडावा बाहेर जातो आहे. दुसरी, फ्रिजच्या आत मागच्या भिंतीलगतचे पाणी जाण्याचे छोटे भोक. त्यात कोथिंबिरीचे पान अडकले तरी पाणी तुंबते. तिसरी, मागे कॉम्प्रेसरजवळ किंवा खाली असलेला पाण्याचा ट्रे. वीज गेली असताना फ्रीझरमधल्या मांसाचे पाणी वितळून इथपर्यंत पोहोचते आणि महिनोन्‌महिने तिथेच राहते. ‘सगळे धुतले तरी वास येतो’ ही तक्रार पुष्कळदा या ट्रेपाशी येऊन संपते.

मासळीचा वास राहिला असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर पाण्यात मिसळून पुसा; आम्लामुळे त्या अमाइनचे न उडणाऱ्या क्षारात रूपांतर होते. आंबलेल्या दुधाच्या वासाला उलट सोडा चांगला. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस पाहण्यात मजा येते, पण दोघेही एकमेकांचे काम संपवतात, वेगवेगळे वापरा. ब्लीच आणि व्हिनेगर मात्र कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

धुऊन झाल्यावर पसरट वाटीत सोडा उघडा ठेवा. बाजारात मिळणारा सक्रिय कोळसाही वास शोषून घेतो. लिंबाची फोड, कॉफीची पूड यांचा उपयोग बराचसा वास झाकण्यापुरता. आणि यांपैकी काहीही सफाईला पर्याय नाही. सांडलेल्या सालनावर सोड्याची वाटी ठेवणे म्हणजे न धुतलेल्या कपड्यांना अत्तर लावणे.

इफ्तार ते तरावीह

रमजानमधला वास बहुधा फ्रिजच्या बाहेर जन्माला येतो. मगरिबला रोजा सोडला, नमाज झाली, जेवण झाले, मग इशा आणि तरावीह. उरलेले सालन, भजी, कापलेली फळे दस्तरखानावर किंवा ओट्यावर तशीच. सगळे परत येईपर्यंत दोन-तीन तास सहज होतात. शिजवलेले अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असा नियम आहे. खोलीतला उकाडा ३२ अंशांवर असेल तर एकच तास. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तो कधी थंडीत येतो, कधी ऐन उन्हाळ्यात. वेळेचा हिशेबही त्याप्रमाणे बदलावा. म्हणून तरावीहला निघण्यापूर्वी पाच मिनिटे आवराआवरीला द्या, आणि ती घरातल्या बायकांनीच द्यावीत असे कुठेही लिहिलेले नाही. मशिदीकडे निघालेल्या मुलांनी आणि पुरुषांनी एकेक पातेले उचलले तरी ओटा रिकामा होतो.

हलीमचे मोठे पातेले तसेच आत ठेवू नका. मध्यभाग थंड व्हायला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात जंतूंना फावते. दोन-तीन पसरट भांड्यांत काढा, वाफ गेली की झाकून ठेवा. रात्री भांडी झाकून ठेवण्याची शिकवण हदीसमध्ये आहेच; ती फ्रिजच्या आतल्या भांड्यांनाही लागू करायला हरकत नाही. कच्चे मांस-मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात सर्वांत खालच्या कप्प्यात, म्हणजे गळले तरी दुसऱ्या अन्नावर पडणार नाही. फ्रीझरमधले मांस ओट्यावर नव्हे, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवून वितळवावे. फ्रिज ठासून भरू नये. हवा फिरायला जागा लागते. डब्यांवर तारखेची चिठ्ठी लावावी आणि शिजवलेले अन्न तीन-चार दिवसांत संपवावे. वीज गेली तर दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा टिकवतो.

नाकावर किती भरवसा?

रोजात पदार्थ चाखणे शक्यतो टाळले जाते. मग इफ्तारच्या आधी ‘हे चांगले आहे ना?’ हा निवाडा नाकावर येतो. इथे सावध राहावे. अन्नाला वास आणणारे जंतू आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू नेहमी एकच नसतात. तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भाताला काहीही वास नसतो, तरी त्यात बॅसिलस सेरियस या जंतूचे विष तयार झालेले असू शकते आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाला उलट्या-जुलाब झाले तर शरीरातले पाणी झपाट्याने कमी होते. घरातल्या वृद्धांना आणि मधुमेहींना ते फारच जड जाते. म्हणून वासापेक्षा घड्याळ आणि तारखेची चिठ्ठी यांवर भरवसा ठेवा.

चांदरातीची तयारी

ईदचा चंद्र २९ व्या रोजाला दिसेल की ३० रोजे पुरे होतील, हे त्या संध्याकाळपर्यंत ठरत नाही. त्यामुळे फ्रिजची सफाई २७ व्या-२८ व्या रोजालाच उरकावी. चांदरातीला बाजार, मेंदी आणि सुका मेवा चिरण्यातून कुणाला उसंत मिळत नाही. दूध येण्याआधी मांसाचे डबे फ्रीझरमध्ये जावेत आणि दूध झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात वरच्या कप्प्यात राहावे. खजूर, खोबरे, चारोळीही हवाबंद बरणीत. तीही वास धरतात.

आणि शेवटचे, डब्याबद्दल. शेजारून आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपल्याकडची सगळ्यांची रीत. दिवाळीला ज्यात चकली आली, त्यातच ईदला शीरखुर्मा जातो. तो डबा प्लॅस्टिकचा असेल आणि मधल्या काळात त्यात खिमा ठेवला गेला असेल, तर कितीही घासला तरी वास पुरता जात नाही. शेजारच्या काकूंकडे शीरखुर्मा पाठवायचा तर स्टीलचा किंवा काचेचा डबा काढा, आणि तो वर्षभर गोडासाठीच बाजूला ठेवा.