डासांवर फुग्यांचा उतारा?

बंगळुरूत पावसाळा सुरू होऊन डेंगीचे रुग्ण वाढू लागले, की एक सूचना हमखास कानावर येते: तळ्यांत कीटकभक्षी वनस्पती सोडा, डास आपोआप संपतील. सूचना अगदीच हवेतली नाही. यूट्रिक्युलेरिया ही पाणवनस्पती डासांच्या लहान अळ्या खरोखरच पकडते. गोंधळ आहे तो ती कशी जगते याबद्दल.

"कीटकभक्षी म्हणजे पानांचा जबडा मिटणारी."

तो व्हीनस फ्लायट्रॅप. यूट्रिक्युलेरियाला जबडा नाही, मुळंही नाहीत. पिवळ्या फुलांची यूट्रिक्युलेरिया ऑरिया आपल्याकडच्या तळ्यांत तरंगते आणि पाण्याखालच्या तिच्या बारीक पात्यांवर काही मिलिमीटरचे फुगे असतात. हे फुगे तिला तरंगत ठेवतात, असं पूर्वी वनस्पतिशास्त्रज्ञही मानत. डार्विनने १८७५च्या पुस्तकात ते खोडलं. फुगे काढलेल्या फांद्याही छान तरंगत होत्या. मात्र प्राणी डोक्याने फुग्याचं दार ढकलून आत शिरतात, असं त्यालाही वाटलं. फुगा शिकार आत शोषून घेतो, हा उलगडा विसाव्या शतकात झाला.

फुग्याच्या आतल्या ग्रंथी पाणी सतत बाहेर टाकतात, त्यामुळे भिंती आत खेचल्या जाऊन ताण साठतो. दाराजवळच्या केसांना धक्का लागला की दार आत उघडतं आणि पाण्याबरोबर शिकारही खेचली जाते. याला एक मिलिसेकंदही लागत नाही! मग पंधरा-तीस मिनिटांत फुगा पुन्हा सज्ज. पाठलाग नाहीच. डॅफ्निया, सायक्लॉप्ससारखे चिमुकले जीव झुंडीने पाणवनस्पतींच्या आसपास घुटमळतात, आणि एवढ्या गर्दीत कुणाचा ना कुणाचा धक्का लागतोच. (सायक्लॉप्स म्हणजे तोच, ज्याच्यामार्फत पायविहिरीच्या पाण्यातून नारू पसरायचा. भारत २०००मध्ये नारूमुक्त जाहीर झाला, पण त्याचं श्रेय पाणी गाळणाऱ्या फडक्यांना आणि सुधारलेल्या विहिरींना; या फुग्यांना नाही.)

"ती मांसावर जगते."

नाही. ती हिरवी आहे, अन्न उन्हात स्वतः तयार करते. शिकारीतून तिला हवे असतात ते नायट्रोजन आणि फॉस्फरस, कारण ती वाढते त्या पाण्यात त्यांचा तुटवडा असतो. कासच्या पठारावर ज्या जांभळ्या सीतेच्या आसवांचे फोटो काढायला झुंबड उडते, तीही यूट्रिक्युलेरियाच. तिचे फुगे ओल्या मातीत लपलेले असतात. जांभ्या दगडावरच्या त्या पातळशा मातीतही पोषण तुटपुंजंच. एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांनी १९९२मध्ये यूट्रिक्युलेरियाच्या भारतातल्या जातींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो आजही आधार मानला जातो.

आता बंगळुरू. बेळ्ळंदूर तळ्यात सांडपाण्यातून भरपूर फॉस्फरस येतो, आणि त्यातल्या डिटर्जंटमुळे पाण्यावर फेसाचे डोंगर उठतात. २०१७मध्ये तिथे आगही लागली. अशा पाण्यात जलपर्णी आणि शेवाळं माजतात, उजेड अडतो आणि यूट्रिक्युलेरियाच्या बहुतेक जाती मागे पडतात. गटारात वाढणारा क्युलेक्स डास मात्र तिथे खुशाल राहतो.

डेंगीचा एडीस तर तळ्यात फारसा नसतोच. त्याला लागतं घरातलं साठवलेलं स्वच्छ पाणी: पिंप, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचं जुनं टायर. तिथे फुग्यांची वनस्पती आणून वाढवण्यापेक्षा पिंपाला झाकण लावणं सोपं.