साळिंदराच्या पिल्लाचे काटे

वैरागहून सोलापूरला जाताना वाटेत नान्नजचा माळ लागतो. तो माळढोकासाठी प्रसिद्ध आहे. अशा माळरानांच्या आणि ओढ्याकाठच्या कपारींच्या आश्रयाने साळिंदर राहते. त्याला सायाळ असेही म्हणतात. ते शत्रूवर बाणासारखे काटे फेकते, असे मुले हमखास सांगतात. हे खरे आहे का, हे आपण त्याच्या पिल्लापासून पाहू.

पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे उघडे असतात आणि अंगावर काटेही असतात. पण ते आखूड व मऊ असतात, म्हणून आईला इजा होत नाही. हवेत वाळून ते लवकरच कडक होऊ लागतात. काटा म्हणजे जाड झालेला केसच. आपले केस आणि नखे ज्या केराटिनची, त्याचाच तो बनलेला असतो.

थंडीत किंवा भीतीने आपल्या अंगावर काटा येतो, म्हणजे केसांच्या मुळाशी असलेले स्नायू आकुंचन पावतात. साळिंदराचे काटेही कातडीतील स्नायूंमुळेच उभे राहतात. काटा फेकण्याची कोणतीही सोय तेथे नाही. मुळाशी सैल असलेले काटे शत्रूच्या अंगात रुततात आणि सुटून येतात, एवढेच. त्यांच्या जागी नवे उगवतात.

काटे टोचणे हा शेवटचा उपाय असतो. आधी साळिंदर काटे फुलवून मोठे दिसते, शेपटीचे पोकळ काटे खुळखुळवते, पाय आपटते. तरीही शत्रू हटला नाही, तर पाठ फिरवून मागे धावते. पुण्याच्या किंवा मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात नव्हे, रानात हा सामना जिवाचा असतो. कुमाऊँमधील मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झटापटीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या पायात सुमारे ५० काटे रुतले होते, असे जिम कॉर्बेटने नोंदवले आहे.

पिल्लूही धोका दिसताच काटे फुलवते. पण वीतभर काटे यायला वेळ लागतो. तोवर त्याची खरी ढाल म्हणजे आईबाप. नर-मादी दोघेही पिल्लांजवळ राहतात. भुईमूग, कंदमुळे उकरणाऱ्या साळिंदरावर शेतकऱ्याचा राग असतो, तो समजण्यासारखा आहे. पण मोठे साळिंदर मारले की बिळातले पिल्लू उघडे पडते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याची शिकार गुन्हा आहे. शेताला भक्कम कुंपण घालणे, हाच दोघांच्या सोयीचा मार्ग. वर्गात काट्यांचा धडा शिकवताना हेही सांगायला हवे, असे आम्हांस वाटते.