भुशाच्या कांड्या आणि शेगडीचा हिशेब

लाकडाचा भुसा वाळवून यंत्रात प्रचंड दाबाने दाबला की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आखूड कांड्या पडतात. यांनाच पेलेट म्हणतात. दिसायला गुरांच्या गोळीपेंडीसारख्या. इटली, ऑस्ट्रिया, जर्मनीत लाखो घरे हिवाळ्यात यांच्यावर उबदार राहतात. झाड पुन्हा लावता येते म्हणून हे न संपणारे इंधन, असे सांगितले जाते.

आपल्या वस्त्यांना भुसा नवा नाही. वखारीतून पोत्याने आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी करून ठेचून भरायचा, बाटली काढून पेटवायचा, हे आपल्या माता-भगिनींनी वर्षानुवर्षे केले. धूरही त्यांनीच गिळला.

या कांड्या आपल्या स्वयंपाकघरात आणण्याचा मोठा प्रयत्न २००६ पासून झाला. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने बीपी या तेल कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची शेगडी काढली व महाराष्ट्रातही विकली. आत बॅटरीवरचा छोटा पंखा. हवा नीट मिळाली की शेतातल्या काडीकचऱ्याच्या कांड्या जवळजवळ धुराविना जळायच्या. २००९ मध्ये हा धंदा पुण्याच्या फर्स्ट एनर्जीकडे गेला. सुमारे चार लाख शेगड्या खपल्या. शेगडी चांगलीच होती. मग अडले कुठे? कच्च्या मालात! ज्या चिपाडांना, टरफलांना कोणी विचारत नव्हते, त्यांना कारखान्यांच्या बॉयलरचे गिऱ्हाईक मिळाले. कांड्यांचा भाव चढला, कंपनी हॉटेलांकडे वळली, आणि घरोघरच्या शेगड्या कोपऱ्यात गेल्या. युरोपातही तेच. २०२२ मध्ये युद्धामुळे रशियाचे लाकूड बंद झाले आणि कांड्यांचे भाव कित्येक ठिकाणी दुपटीवर गेले. इकडे केंद्र सरकारच्या २०२१ च्या धोरणाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात कांड्या मिसळायला सांगितले. म्हणजे गरिबाच्या चुलीशी स्पर्धा करणारे गिऱ्हाईक आणखी मोठे.

आम्ही पडलो कारकून, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एक किलो गॅसमध्ये साधारण ११ हजार किलोकॅलरी उष्णता, एक किलो कांड्यांत साधारण ४ हजार. शेगडीत वाया जाणारी उष्णता धरली, तर १४.२ किलोच्या सिलिंडरचे काम करायला निदान ४५ किलो कांड्या लागतील. तेव्हा कोणी अशी शेगडी विकायला दारात आला, तर सिलिंडरच्या किमतीला ४५ ने भागावे. कांड्यांचा किलोचा भाव त्याहून बराच कमी असेल, तरच पुढे बोलावे. शिवाय पुढच्या वर्षी कांड्या कोण देणार, कोणत्या भावाने, हे लेखी मागावे.

धूर दिसत नाही म्हणून थंडीत दार-खिडकी लावून शेगडीपाशी झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. युरोपात बंद कोठारात साठवलेल्या, न पेटवलेल्या कांड्यांतूनही हा वायू साचून माणसे दगावली आहेत. पोती हवेशीर पण कोरड्या जागी ठेवावीत; ओल लागली की कांडीचा पुन्हा भुसा होतो.