गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं का?

पन्नाशीच्या आसपासच्या चारचौघी एकत्र जमल्या, की बोलणं कुठून तरी फिरून गुडघ्यांवर येतंच. आमच्या सिंदी (रेल्वे)ला भजनाहून उठताना बायका एक हात जमिनीला आणि दुसरा शेजारणीच्या खांद्याला लावतात, आणि वर म्हणतात, “काय करता जी, वंगण संपलं आता!” मग कुणी डिंकाचे लाडू सुचवते, कुणी रात्रभर भिजवलेल्या भेंडीचं पाणी, तर कुणी अमक्या गावच्या बाबाची पुडी.

पण जरा विचार करा. जिचा गुडघा सुजून टम्म झाला आहे, तिच्या सांध्यात पाणी कमी नसतं, उलट जास्त असतं. म्हणजे वंगण संपलेलं नाही, बिघडलेलं आहे. आणि ते कशाने बिघडलं हे कळल्याशिवाय औषध ठरायचं कसं?

सांध्याला वंगणाची उपमा आजची नाही. आसाला वंगण असलं की चाक सुखाने फिरतं, तसे कफामुळे सांधे चालतात, असं सुश्रुतसंहितेतच म्हटलं आहे. उपमा सुरेखच, पण गैरसमजही तिच्यातूनच होतो. बंडीला किंवा तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाच्या चाकाला तेल बाहेरून घालावं लागतं. सांधा मात्र आपलं वंगण स्वतःच तयार करतो.

निरोगी गुडघ्यात हे पाणी असतं तरी किती? चहाचा एक चमचाही भरणार नाही, जेमतेम तीन-चार मिलिलिटर. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या स्विस वैद्याला ते अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं वाटलं, म्हणून त्याने त्याला ‘सायनोव्हिया’ असं नाव दिलं. रक्तातला पातळ भाग सांध्याच्या अस्तरातून, जणू मलमलीच्या फडक्यातून, गाळून आत येतो. मोठी प्रथिनं बहुतेक मागेच राहतात. मग अस्तराच्या पेशी त्यात हायल्युरोनिक आम्ल मिसळतात. नावातल्या आम्लाला घाबरू नका. ही शर्करेच्या हजारो कड्यांची लांबच लांब साखळी असते. न्यूयॉर्कमध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ती १९३४ साली गाईच्या डोळ्यातून प्रथम वेगळी केली. या साखळ्या एकमेकींत गुंततात, पाणी धरून ठेवतात, आणि म्हणून सांध्यातल्या पाण्याला तार येते. भेंडी चिरताना सुरीला येते ना, तशीच. आपण सावकाश चाललो की ते तेलासारखं वाहतं, आणि अचानक धक्का बसला की रबरासारखा तो झेलतं. शिवाय ल्युब्रिसिन नावाचं एक प्रथिन हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला लेप देतं.

या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, बरं का! तिला अन्न पोचतं ते मुख्यतः याच पाण्यातून. पाऊल टाकलं की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचललं की पुन्हा पाणी शोषते. ‘गुडघे दुखतात म्हणून मी हलतच नाही’ म्हणणाऱ्या बायका कूर्चेला उपाशी ठेवतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता बिघडतं काय ते पाहू. आमवातात, ज्याला डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात, शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या अस्तरावर उलटते. अस्तर सुजतं, त्याची वीण सैल होते, आणि एरवी बाहेर अडणारी प्रथिनं व पांढऱ्या पेशी लोंढ्याने आत शिरतात. या पेशी जी तीव्र रसायनं सोडतात त्यांनी साखळ्यांचे तुकडे होतात. पाणी वाढतं, तार तुटते. चौघांच्या वरणात आठ जणांसाठी पाणी घालावं, तशी गत! या पेशी साखरही खाऊन टाकतात, म्हणून त्या पाण्यात साखर कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त सापडतं. वयाबरोबर येणाऱ्या झिजेच्या वातात मात्र हा दंगा पुष्कळ सौम्य असतो. तिथे मुख्य दुखणं कूर्चेचं.

म्हणूनच डॉक्टर सुईने पाणी काढून तपासायला सांगतात, आणि आपल्या बायका नेमक्या तिथेच माघार घेतात. “पाणी काढलं की गुडघा कायमचा कोरडा पडतो” हे तुम्हीही ऐकलं असेल. तसं होत नाही. प्राण्यांवरच्या अभ्यासांत असं दिसलं आहे, की सांध्यातलं निम्मं हायल्युरोनिक आम्ल एका दिवसाच्या आतच बदललं जातं. अस्तर आपलं काम चालूच ठेवतं. मूळ कारण तसंच राहिलं तर पाणी पुन्हा भरतं, इतकंच.

आणि ते चमचाभर पाणी किती सांगतं! निरोगी पाणी इतकं स्वच्छ असतं, की नळीतून पलीकडचं छापील अक्षर वाचता यावं. सुईच्या टोकाशी त्याची दोन-तीन बोटं लांब तार निघते. दाहाचं पाणी गढूळ असतं आणि साध्या पाण्यासारखं टपटप गळतं. निरोगी पाण्यात एका घनमिलिमीटरला पांढऱ्या पेशी २०० पेक्षा कमी, झिजेच्या वातात बहुधा २,००० च्या आत, आमवातात त्याहून कितीतरी जास्त, आणि जंतूंनी पू झाला असेल तर बहुधा ५०,००० च्या वर, कधी लाखाच्याही पुढे. सूक्ष्मदर्शकाखाली युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक दिसले, तर तो गाउट. हे तंत्र मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं.

एक सांधा एकाएकी लाल, गरम झाला आणि सोबत ताप असेल, तर लेप-शेक करत बसू नका. पू झालेला सांधा थोड्याच दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. आम्हा सिंदीकरांना एका बाजूला नागपूर, दुसऱ्या बाजूला सेवाग्राम. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं वैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे.

‘बायकांचं दुखणं म्हणजे कामाची टाळाटाळ’ असं म्हणणारे घरोघरी भेटतात. त्यांना पुणे जिल्ह्यातल्या भिगवणची गोष्ट सांगा. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने १९९६ मध्ये तिथे घरोघर पाहणी केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे-स्नायूंचं दुखणं निघालं. आणि आमवात तर पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट जास्त, तोही अनेकदा ऐन संसाराच्या वयात. सकाळी बोटं तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर ‘धुण्याने झालं असेल’ म्हणून सोडू नका. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात. त्यातलं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज नव्हे. आणि दिवस राहिले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर ते चालत नाही. डॉक्टरांना आधीच सांगा.

लाडवांबद्दल विचाराल, तर खुशाल खा, थंडीत छानच लागतात. पण डिंक काय, भेंडीचा बुळबुळीतपणा काय, दोन्ही शर्करेच्या साखळ्या असल्या तरी त्या आतड्यातच राहतात, गुडघ्यापर्यंत पोचत नाहीत. उलट तुपाने वजन वाढतं. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हायल्युरोनिक आम्लाची महागडी इंजेक्शनं पूर्वी कोंबड्यांच्या तुऱ्यापासून करत. ती सगळ्यांना सरसकट द्यावीत असं अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांची संस्थाही सांगत नाही, तेव्हा दागिने गहाण टाकण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा. पुड्यांपासून मात्र लांबच राहा. दोन दिवसांत जादूसारखा आराम देणाऱ्या पुडीत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चेहरा फुगतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

झिजेच्या दुखण्याला मांडीचे स्नायू बळकट करणं फार उपयोगी पडतं. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळायची, मनात पाच अंक मोजायचे, सोडायची. दहा वेळा एका पायाने, दहा वेळा दुसऱ्याने. वाटाणे सोलता सोलताही होतं.