नात्यात लग्न आणि बाळाचे आनुवंशिक आजार

"आमच्या दोन्ही घरांत हा आजार कुणालाच नाही, मग आमच्याच बाळाला कसा झाला?" आनुवंशिक आजाराचे निदान झाल्यावर अनेक पालक हाच प्रश्न विचारतात. आई-वडील एकमेकांच्या नात्यातले असतील, तर उत्तर पुष्कळदा त्या नात्यातच सापडते.

सोलापूर जिल्हा कर्नाटकाला लागून आहे. शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी-शेजारी राहतात. या तिन्ही भाषकांतील अनेक समाजांत मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक करण्याची रीत आहे. काही घरांत मामा-भाचीचेही लग्न होते. माणसे ओळखीची असतात, मुलगी परक्या घरी जात नाही, हा विचार समजण्यासारखा आहे. पण त्याची दुसरी बाजूही माहीत असायला हवी.

दडलेला दोष म्हणजे काय?

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र आईकडून येते, एक वडिलांकडून. त्यामुळे बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. थॅलेसेमिया किंवा काही प्रकारचा जन्मजात बहिरेपणा अशा आजारांत एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम भागवते. अशा व्यक्तीला 'वाहक' म्हणतात. वाहक व्यक्ती सहसा ठणठणीत असते, म्हणून दोष पिढ्यान्‌पिढ्या लक्षात येत नाही. असे काही दडलेले दोष आपल्या प्रत्येकात असतात.

पती-पत्नी दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन निरोगीच होतील, असा हिशेब नसतो. दर वेळी शक्यता तेवढीच राहते.

नात्यामुळे काय बदलते?

समजा, एक आजी वाहक आहे. तिच्या प्रत्येक नातवंडात तो दोष उतरण्याची शक्यता चारात एक. अशा दोन आते-मामे भावंडांचे लग्न झाले, तर त्यांच्या बाळाला आजार होण्याची शक्यता ६४ मध्ये १ होते. मामा-भाचीच्या लग्नात ती ३२ मध्ये १ होते. त्याच नातवाने नात्याबाहेर लग्न केले आणि बाहेर दर १०० माणसांत एक वाहक आहे असे धरले, तर ही शक्यता १,६०० मध्ये १ इतकी खाली येते.

याचा अर्थ नात्यातल्या लग्नाची सगळी मुले आजारी होतात असा नाही. कोणत्याही दांपत्याच्या बाळात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारण २ ते ३ टक्के असते. चुलत, मावस किंवा आते-मामे भावंडांच्या लग्नात ती सुमारे दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. मात्र घरात आधीच एखादे मूल आजारी असेल, तर धोका बराच वाढतो.

गोत्र किंवा रक्तगट वेगळा असला तर?

मामाच्या मुलीचे गोत्र आणि कूळ वेगळे असते, म्हणून चालेल, असे म्हटले जाते. पण गोत्र फक्त वडिलांकडून मोजतात. जनुके आई-वडील दोघांकडून येतात. रक्तगटाचेही तसेच. पती-पत्नीचा रक्तगट एकच असल्याने बाळात व्यंग येत नाही आणि वेगळा असल्याने असे आजार टळतही नाहीत.

काय करावे?

• लग्न ठरवण्यापूर्वी तीन पिढ्यांची माहिती काढा. लहानपणी दगावलेली मुले, जन्मजात बहिरेपणा, मतिमंदत्व, वारंवार रक्त चढवावे लागणारे कुणी, वारंवार गर्भपात, हे सगळे डॉक्टरांना सांगा.

• थॅलेसेमियाचा वाहक 'एचपीएलसी' या साध्या रक्ततपासणीत कळतो. ती लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी करून घ्या. एकाच कुटुंबात दिसणाऱ्या दुर्मिळ आजारांसाठी वेगळी जनुकीय तपासणी लागते.

• आधीचे मूल आजारी असेल, तर पुढच्या गरोदरपणापूर्वी त्याचे नेमके निदान करून घ्या. दोष नेमका कळला असेल, तर ११ ते १४ आठवड्यांत वारेचा अंश घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल घेऊन गर्भाची तपासणी करता येते. ती नोंदणीकृत केंद्रातच होते आणि त्यात बाळाचे लिंग सांगितले जात नाही.

• सोलापुरात सिव्हिलच्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाच्या, बालरोग किंवा स्त्रीरोग विभागात प्रथम दाखवता येईल. गरज पडल्यास तिथून जनुकीय समुपदेशनासाठी पुढे पाठवतात.

लग्न आधीच झाले असेल तर घाबरू नका. वरच्या तपासण्या तुमच्यासाठीही आहेत. आणि बाळ आजारी जन्मले, तर त्याचे खापर सुनेवर फोडू नका. या आजारांत दोषाची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली असते. म्हणून तपासणीला दोघांनी मिळून यावे.